जास्वंदीला नक्की झालंय काय?

मेकॅनिकल-सिव्हिल-कॉम्प्युटरवाल्यांच्या मासिकात जास्वंदीवर लेख कशाला, असा प्रश्न पानं चाळताना काहींना पडेल. पडू दे. होस्टेलच्या मागच्या कुंपणालगतची जास्वंदीची रांग दिवाळीनंतर हळूहळू पांढरी पडत गेली, हे एव्हाना सगळ्यांनीच पाहिलंय. शेंडे चुरगळलेत, कळ्या न उमलताच गळतायत, पानांना हात लावला की बोटं चिकट होतात. त्या चिकट थरावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी आलीय आणि खोडावर मुंग्यांची अशी वर्दळ आहे की शनिवारचा मंचरचा एस.टी. स्टँड आठवावा. यावर काय करायचं ह्याची चर्चा मेसमध्ये, कट्ट्यावर आणि एकदा तर चक्क व्हायव्हाच्या रांगेत झाली. त्या चर्चेत मला जे म्हणायचं होतं ते ताटावर बसून नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

चर्चेत मुख्य मतं दोन. पहिलं मत : सगळी रांग मुळासकट काढून टाका. फुलं देत नाही, शोभा नाही, शिवाय आपला भाग बिबट्यांचा. ऊस तुटला की ते कुठेही आडोसा शोधतात, मग दाट झुडपं हवीत कशाला? दुसरं मत जास्त लोकप्रिय : कुणीतरी घरून येताना शेतातली औषधाची बाटली आणायची, पंप गावातून मिळेल, माळीकाकांना सांगून एक हात मारून घ्यायचा, काम फत्ते! आपल्यातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरातले. कांदा, बटाटा, टोमॅटो, द्राक्ष, काही ना काही घरी असतंच. त्यामुळे बाटली मिळणं हा प्रश्नच नाही.

आणि नेमकी हीच मला काळजीची गोष्ट वाटते. बाटली कोणती आणायची यावर अर्धा तास वाद झाला. झुडपावर आहे काय, ते बघायला मात्र कुणी पन्नास पावलं चाललं नाही. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी म्हणवतो. मोटर चालू होत नाही म्हटल्यावर आधी सप्लाय बघतो, मग फ्यूज, मग वायंडिंग. थेट नवीन मोटर आणा असं कुणी म्हणालं तर लॅब असिस्टंटसुद्धा हसेल. मग झाडाच्या बाबतीत हे शहाणपण जातं कुठे? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

माझं घर जुन्नर तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग आहे. अण्णा (म्हणजे माझे वडील) बागेत शिरले की आधी पान उलटं करतात. पानाची वरची बाजू म्हणजे दुकानाची पाटी, खरा माल खाली असतो, असं ते म्हणतात. तसं मी आपल्या जास्वंदीचं पान उलटं केलं, शेंडे उकलून पाहिले. सर्व्हे लॅबमधल्या मित्राने एक भिंग दिलं. त्यात जे दिसलं ते सांगतो.

पांढरा कापूस दिसला की आपण 'मिलीबग' म्हणून मोकळे होतो. मराठीत पिठ्या ढेकूण. पण पिठ्या ढेकूण हे एकाचं नाव नाही, ते आडनाव आहे. आपल्याकडे जास्वंदीवर सापडणारे तीन तरी वेगवेगळे आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. पहिला गुलाबी. वरचं पीठ काडीने बाजूला केलं की खालचं अंग गुलाबी दिसतं, अंडीही गुलाबी. हा रस शोषताना झाडात लाळ सोडतो. त्या लाळेने कोवळा शेंडा आखडतो, पानं गुच्छासारखी एकमेकांत अडकतात आणि त्या गुच्छात तो आरामात लपतो. ह्याचं शास्त्रीय नाव मॅकोनेलिकोकस हिरसुटस. दुसरा पपईवरचा, अंगाने पिवळसर. ह्याची एक गंमत आहे. स्पिरिटमध्ये टाकून ठेवला की एक-दोन दिवसांत निळा-काळा पडतो. तिसरा कपाशीवरचा, त्याच्या पाठीवर पिठामधून गडद डागांच्या दोन रांगा दिसतात.

आपल्या कुंपणावर आहे तो पहिला, गुलाबी. चुरगळलेल्या शेंड्यांवरून शंका आलीच होती, काडीने पीठ सारल्यावर खात्री झाली. आणि द्राक्षवाल्यांसाठी सांगतो, घडात शिरून मणी चिकट करणारा, नाशिकपासून नारायणगावपर्यंत बागायतदारांची झोप उडवणारा मिलीबग तो हाच. म्हणजे ज्याच्यामुळे घरी अण्णा वैतागतात, तो माझ्यामागोमाग होस्टेललाही आला. प्रवेश मात्र त्याला कुठल्याच राऊंडशिवाय मिळाला!

आता तुम्ही म्हणाल, गुलाबी असो की पिवळा, मारायचाच आहे ना? इथेच खरी मेख आहे. पपईवरच्या पिठ्याची गोष्ट बघा. हा मूळचा मेक्सिकोकडचा. 2008 मध्ये कोइमतूरजवळ तो भारतात पहिल्यांदा नजरेस आला आणि तमिळनाडूतल्या पपई, तुती, टॅपिओकाच्या शेतांचा त्याने फडशा पाडला. पुढे 2010 च्या सुमारास तो महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांतही पोचला. लोकांनी फवारून फवारून पाहिलं. काही दिवस बरं वाटायचं, परत पांढरं. शेवटी 2010 मध्येच पोर्तो रिको बेटावरून तीन जातींच्या अगदी बारीक गांधीलमाश्या आणल्या. बारीक म्हणजे किती, तर मिलीबगच्या पोटात अंडं घालून वाढणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या. माणसाला चावायचा प्रश्नच नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संशोधन संस्थेने त्या वाढवून शेतात सोडल्या. त्यातल्या ॲसेरोफॅगस पपाये नावाच्या माशीने तर कमालच केली. जे पंपाने जमलं नव्हतं ते काही महिन्यांत तिने करून दाखवलं. पण ही माशी पपईच्याच पिठ्याला खाते. गुलाबी पिठ्यावर तिला सोडली तर ती बिचारी उपाशी मरेल. म्हणून आधी नाव कळायला पाहिजे. नाव कळलं तर उपाय कळतो.

आपल्या गुलाबी पिठ्याची गोष्ट तर त्याहून मजेशीर आहे. हा मूळचा आपल्याच बाजूचा, दक्षिण आशियातला. 1994 मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर पोचला (ग्रेनाडा म्हटल्यावर क्रिकेटवाल्यांनी कान टवकारले असतील). तिकडे घराघरासमोर जास्वंदीची कुंपणं. बघता बघता ती सगळी पांढरी पडली आणि वाळली. मग शेजारच्या बेटांवर. एका बेटाचा भाजीपाला दुसरं बेट घेईना. लोकांनी फवारलं, झाडं तोडली, जाळली, म्हणजे आपल्या मेसमध्ये जी दोन मतं निघाली ती दोन्ही तिथे करून झाली आहेत! आटोक्यात आला तो मित्रकीटक सोडल्यावर. एक बारीक गांधीलमाशी आणि एक लेडीबर्ड बीटल, म्हणजे आपला ढालकिडा. आणि त्रिनिदादने हे ढालकिडे मागवले ते कुठून, तर भारतातून.

मग प्रश्न असा पडतो की हा पिठ्या आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या असून आपल्याकडची सगळी जास्वंद कधीच का वाळून गेली नाही? कारण त्याला खाणारेही इथे आहेत. त्यातला मुख्य गडी क्रिप्टोलेमस. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणला आणि इथलाच होऊन बसला. चार मिलिमीटरचा गोल गरगरीत, पाठ काळपट, डोकं आणि शेपटाकडचं टोक नारिंगी. द्राक्षवाल्यांना तो नावानिशी माहीत आहे, बागेत सोडायला तो विकतही मिळतो. तेव्हा जास्वंद पांढरी पडली याचा अर्थ फक्त मिलीबग वाढला असा नाही. त्याला खाणारे कमी झाले, असाही आहे. ते का कमी झाले, हे शोधलं तर अर्धं काम होतं.

मला दिसलेली कारणं दोन. एक, मुंग्या. मिलीबग रस पितो आणि त्यातली जादाची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्यांना ती हवी असते. म्हणून मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिडा आला की हुसकावतात, गांधीलमाशीला अंडं घालू देत नाहीत, वर पिल्लांना उचलून नव्या शेंड्यावर नेतात. आपण गाई पाळतो तसं. गवळी जागेवर असताना वाघाला गोठ्यात शिरता येईल का? दोन, धूळ. मागच्या बाजूचा कच्चा रस्ता आणि डिसेंबरनंतरचा कोरडा वारा यामुळे त्या रांगेच्या पानांवर बोटभर धूळ बसलेली असते. धुळीने ह्या बारीक माश्यांना पानावर फिरताच येत नाही. समोरच्या गेटजवळची जास्वंद पाहा. माळीकाका तिला रोज पाईपने अंघोळ घालतात, कारण पाहुण्यांना ती दिसते. तिला मिलीबग आहे पण नावालाच. झाड तेच, माती तीच, पाणी तेच. फरक फक्त आंघोळीचा!

आता एक महत्त्वाची सूचना, कारण ह्यावरून परवा आमच्यात जुंपलीच होती. क्रिप्टोलेमसची अळी दिसायला हुबेहूब मिलीबगसारखी असते. अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या. माझ्या रूममेटने मोठ्या उत्साहाने 'बघ केवढा जाडा मिलीबग!' म्हणून काडीने उचलला, तो चोर नव्हता, पोलीस होता. ओळखायचं कसं? मिलीबग जवळजवळ जागचा हलत नाही, हलला तरी मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकसारखा. ही अळी चांगली तुरुतुरु चालते, मिलीबगपेक्षा बरीच मोठी वाढते आणि झिरमिळ्या लांब असतात. साध्या वेशातला पोलीस समजा. रांगेच्या पूर्वेकडच्या टोकाला मला अशा पाच-सहा दिसल्या. म्हणजे मदत निघाली आहे, पोचायला वेळ लागतोय. अशा वेळी आपण जर शेतातलं जालीम औषध मारलं, तर आधी मरतील ते हे पोलीस, कारण ते उघड्यावर फिरतात. चोर मेणाच्या कोटात आणि चुरगळलेल्या पानात सुरक्षित, आणि त्याची अंडी कापसाच्या पिशवीत. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, आणि उन्हाळ्यात महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार. चार आठवड्यांनी मिलीबग परत हजर आणि खाणारा कुणी नाही. मग दुसरा हात, तिसरा हात. घरी द्राक्षबागेत हे चक्र आम्ही पाहिलंय, पैसे खर्च करून पाहिलंय.

इथे एक आक्षेप हमखास येतो : 'तू द्राक्षवाला, तुझ्या घरी वर्षाला किती फवारण्या होतात ते आधी सांग!' होतात. बऱ्याच होतात. अण्णांना मी त्याबद्दल नावं ठेवणार नाही, ते पीक आमचं पोट आहे. पण तिथे लेबल क्लेम बघतात, म्हणजे कोणतं औषध कोणत्या पिकावर चालतं ते. मात्रा मोजतात, फवारणीची वही लिहितात, आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत इतके दिवस जाऊ द्यायचे हा नियम पाळतात. आता मला सांगा, आपल्या जास्वंदीची काढणी कधी असते? रोज सकाळी! मेसच्या मावशी गणपतीला पाच फुलं नेतात. मुलींच्या होस्टेलवर जास्वंदीचं तेल बनतं, ते डोक्याला लागतं. शिंजीर पक्षी दिवसभर फुलात चोच घालून असतो. मधमाश्या आहेत. आणि आपल्यातले निम्मे वीर धुतलेल्या बनियन, टॉवेल त्याच झुडपांवर वाळत घालतात (तिथून मिलीबगची पिल्लंही फुकट प्रवास करतात, तो भाग वेगळा). झाडाच्या रसात भिनणारं औषध मारलं तर ते पानात, कळीत, मधातही जातं. काढणीपूर्व दिवस मोजायचे कुणी आणि कुठल्या वहीत?

फवारणार कोण, हाही प्रश्न आहे. आपण नाही, माळीकाका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधं एकात एक मिसळलेली, अंगावर धड कपडे नाहीत, तोंडाला फार तर रुमाल. फवारा पायाशी न पडता तोंडावर आला. आपली जास्वंदीची रांग केवढी उंच आहे? माळीकाकांच्या छातीच्या वर. एका बाजूला भिंत, म्हणजे फवारा उलटून अंगावरच. त्यांच्याकडे मास्क नाही, हातमोजे नाहीत, गॉगल तर नाहीच. वर्कशॉपमध्ये शूज नसले तर आपल्याला आत घेत नाहीत, आणि इथे काकांना चपलेवर उभं करायचं?

तिसरी गोष्ट जरा जपून लिहितो. आपण ह्या बाटलीला 'औषध' म्हणतो. मराठीतला हा शब्द फार फसवा आहे. कीडनाशक म्हटलं की लांब उभं राहावंसं वाटतं, औषध म्हटलं की घरातलं वाटतं. पण हाच शब्द गावाकडच्या बातम्यांत ज्या अर्थाने येतो तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एकेका वर्गात अशी घरं आहेत. होस्टेलमध्ये निकाल लागतात, बॅकलॉग राहतात, घरून फोन येतात, रात्री लांब असतात. अशा इमारतीत कुणाच्याही कॉटखाली तसली बाटली, उरलेली अर्धी सुद्धा, असता कामा नये. ह्या मुद्द्यावर माझी तडजोड नाही. जास्वंद वाळली तर वाळू दे. ज्यांनी आधीच आणली असेल त्यांनी ती पुढच्या शनिवारी घरी परत न्यावी. बेसिनमध्ये किंवा नाल्यात ओतू नये. आणि कुणाला रात्र फारच लांब वाटत असेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजवा, ते दार त्यासाठीच असतं.

असो. आता करायचं काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल ह्याने नुसता नन्नाचा पाढा लावला.

आधी कात्री. चुरगळलेला प्रत्येक शेंडा वीतभर खालून कापायचा आणि लगेच पिशवीत. कापून खाली टाकला तर पिल्लं चालत परत वर येतात, आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला तर तिथून पसरतात. पिशवीचं तोंड बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवली की आतलं सगळं मरतं. ज्या शेंड्यात झिरमिळ्यावाली अळी दिसेल तो मात्र कापू नका. मग पाणी. पाईपचं तोंड अंगठ्याने दाबून पानाच्या खालच्या बाजूने जोरात मारायचं, आठवड्यातून दोनदा, सकाळी. मिलीबगची लहान पिल्लं त्याने वाहून जातात आणि धूळही जाते. मग मुंग्यांचा बंदोबस्त : खोडाभोवती रुंद चिकटपट्टी गुंडाळून त्यावर ग्रीसचा थर. वर्कशॉपमध्ये ग्रीसला तोटा नाही. थेट सालीवर मात्र ग्रीस लावू नका, साल खराब होते. आणि भिंतीला किंवा तारेला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या पट्टीला वळसा घालून पुलावरून जातील.

एवढ्याने भागलं नाही तर निंबोळी. 5 टक्के अर्क म्हणजे लीटरला 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून. किंवा लीटरला 5 मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा लिक्विड साबण. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा, पान करपत नाही ना. उन्हात मारू नका, संध्याकाळी मारा. पांढरा पुंजका भिजला पाहिजे, वरवर शिंपडून उपयोग नाही. लागला तर पुढचा टप्पा व्हर्टिसिलियम लेकॅनी. ही बुरशीची पावडर आहे, लीटरला 5 ग्रॅम, कृषी सेवा केंद्रात मिळते. पण तिला हवेत ओल लागते, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तिच्याकडून फार अपेक्षा धरू नये, पावसाळ्यात ती चांगली चालते. आणि खरोखर ढालकिडेच सोडायचे असतील तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही जैविक कीड नियंत्रणाचं काम चालतं. विचारायला फोनचे पैसे पडतील तेवढेच.

राहिली बाकीची झुडपं. जास्वंदीच्या धास्तीने लोक प्रत्येक डागाकडे संशयाने बघायला लागलेत, म्हणून थोडक्यात. ऑफिससमोरच्या गुलाबाच्या पानांच्या कडेला पंचिंग मशीनने कापल्यासारखे अर्धगोल दिसतात, ती कीड नाही. पानकापी माशी घरट्यासाठी तुकडे नेते, नेऊ द्या. कण्हेरीच्या शेंड्यावरचा पिवळाधमक थवा हा मावा, पाण्याच्या एका फवाऱ्यात जातो. तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसली, तिला पुढे दोन निळे डोळे असले, तर घाबरू नका. ते डोळे खोटे आहेत, आणि तिचा पुढे हिरव्या रंगाचा देखणा पतंग होतो. एखादी अळी असली तर तगरीचं काही बिघडत नाही. पानं खालून भुरी-लालसर, बारीक जाळी, भिंगाखाली आठ पाय : हा लाल कोळी. हा कीटकच नाही. पुष्कळशी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मेल्याने तो वाढतो. त्यालाही पाणीच. आणि सिव्हिलच्या इमारतीजवळ शिरा हिरव्या अन् मधलं पान पिवळं पडलेल्या ज्या झुडपांवर 'व्हायरस आहे' अशी अफवा आहे, त्यांना कसलीही कीड नाही. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, त्याचं हे लक्षण आहे. तिथे फवारा मारणं म्हणजे कावीळ झालेल्याच्या पायाला प्लास्टर!

झुडपं तोडून टाका म्हणणाऱ्या मित्रांसाठी एकच. बिबट्याची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. त्यावर उपाय म्हणजे खालचा दोन फूट भाग मोकळा ठेवणं, म्हणजे पलीकडचं दिसेल, आणि मागचे बंद पडलेले दिवे चालू करणं. मिलीबगसाठीही खालच्या गर्दीची छाटणी हवीच आहे. एका कात्रीत दोन कामं होतात.

आमच्या मजल्यावरच्या सहा जणांनी हे सुरू केलंय. रांगेत एकूण चोवीस झुडपं. पहिल्या आठांना कात्री, पाणी आणि ग्रीस. पुढच्या आठांना हे सगळं करून वर निंबोळी. शेवटच्या आठांना काहीच नाही. काहीच न करता ठेवलेली झुडपं असल्याशिवाय फरक कशाने पडला ते कळणार कसं, हे आपल्याला पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला शिकवतात. दर रविवारी सकाळी प्रत्येक झुडपाचे दहा शेंडे बघून किती पांढरे ते मोजतो. पोलीस दिसले तर त्यांचीही नोंद करतो. वही मेसच्या नोटीस बोर्डाखाली खिळ्याला टांगलीय. कुणीही यावं, मोजावं, आमचे आकडे तपासावेत. माळीकाकांनी पहिल्याच रविवारी आम्हाला न दिसलेले तीन पुंजके खोडाच्या बेचक्यात दाखवले, तेव्हा आता मोजणीला ते लागतातच.

शेवटच्या आठ झुडपांना लाल दोरा बांधलाय. त्यांची अवस्था बघून कुणाला दया आली तरी पाऊस सुरू होईपर्यंत त्यांना पाईप लावू नये. आणि टॉवेल तर कुठल्याच झुडपावर टाकू नये, गच्चीवर तारा आहेत.